वाटांची भूमिती : प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी

थोर पुरुषाचे चरित्र वाचावयास घेतले म्हणजे त्याचा आपल्या मुलखाशी काही संबंध पोहोचतो काय, हे आपण प्रथम शोधू लागतो. ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्यांची हकीकत आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत, ते प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी जन्माने गोव्याचे, शिक्षणाने बव्हंशी अमेरिकेचे आणि कर्माने पुण्या-मुंबईचे होते. आमच्या वर्धा जिल्ह्याशी त्यांच्या घराण्याचा धागा जुळतो तो एका मृत्यूमुळे. त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे प्रकांड पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी, यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात देह ठेविला. समुद्रपूर व सेवाग्राम ही एकाच जिल्ह्यातील स्थळे. आश्रमास भेट देणारे आमचे विद्यार्थी महात्माजींची कुटी पाहून परततात. परंतु त्याच भूमीवर पाली भाषेच्या एका महापंडिताने शेवटचा श्वास घेतला आणि त्या पंडिताच्या पुत्राचे नाव जगातील भूमितीच्या ग्रंथांत कायमचे लिहिले गेले आहे, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते.

पुत्राची कथा सांगण्यापूर्वी पित्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच झालेले. परंतु बुद्धाच्या उपदेशाची ओढ अशी विलक्षण की, १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर व काशी येथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, नेपाळ पाहिला, सिलोनास जाऊन १९०२ साली भिक्षूची दीक्षा घेतली. या प्रवासात द्रव्याचे पाठबळ मुळीच नसल्यामुळे कित्येक मजला त्यांनी पायीच गाठल्या. १९०६ साली ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि पुढल्याच वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, गोव्यात दामोदराचा जन्म झाला. ज्ञानासाठी वाट चालावी लागते, आणि ती स्वतःच्या पायांनी चालावी लागते, हा धडा या मुलास जणू वारशानेच मिळाला.

धर्मानंद १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत असत. म्हणून दामोदराचे आरंभीचे शिक्षण पुण्यास झाले. १९१८ साली हार्वर्ड विद्यापीठातील पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांस पुन्हा अमेरिकेचे बोलावणे आले. या खेपेस त्यांनी थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांस बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील केंब्रिज या गावी मुलगा शाळेत जाऊ लागला. तेथेच पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्याचा परिचय झाला. मध्यंतरी काही काळ हिंदुस्थानात घालवून तो १९२६ साली हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. गणित हा त्याचा मुख्य विषय खरा. पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषांचाही त्याने कसून अभ्यास केला. जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्यासारखे गुरू गणितास लाभले. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून बावीस वर्षांचा हा तरुण मायदेशी परतला.

अमेरिकेत राहून मोठे नाव मिळविणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणित व जर्मन शिकविण्याचे काम पत्करिले. १९३१ साली फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी त्यांस अलीगढच्या विद्यापीठात बोलावून घेतले. त्याच वर्षी नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अलीगढचा मुक्काम थोडक्यातच आटोपला आणि कोसंबी पुण्यास आले. ज्या फर्ग्युसन कॉलेजात वडिलांनी पाली शिकविली, तेथेच पुत्र गणित शिकवू लागला. पुढे बारा-तेरा वर्षे हे काम चालले. संशोधनास लागणारी मोठी ग्रंथालये नाहीत, त्या विषयाचा जाणता सोबती जवळपास नाही, वर्गाचे काम मात्र रोजचे. अशा स्थितीत त्यांनी ज्या प्रश्नास हात घातला तो आता आम्ही आमच्या मगदुराप्रमाणे उलगडून सांगण्याचा यत्न करतो.

आमच्या शाळांत बीजगणिताचे पुस्तक निराळे आणि भूमितीचे निराळे. एकात अक्षरे व चिन्हे, दुसऱ्यात आकृत्या. सबब हे दोन विषय म्हणजे दोन सवते संसार आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली चौकटीच्या कागदाची युक्ती काढून त्यांस प्रथम एकत्र नांदविले. परंतु वरच्या वर्गांत गेल्यावर जी समीकरणे भेटतात ती याहून निराळ्या जातीची असतात. त्यांस अवकल समीकरणे म्हणतात. साध्या समीकरणात न कळलेली एखादी संख्या काढावयाची असते. अवकल समीकरणात न कळलेली एखादी संपूर्ण वाट काढावयाची असते.

समजा, जामच्या चौरस्त्यावरून एक गाडी निघाली. ती कोणत्या वेळी कोठे असेल हे आम्हांस कोणी सांगितलेले नाही. एवढेच सांगितले आहे की, गाडी अमुक ठिकाणी अमुक वेगाने व अमुक दिशेने जात असली, तर तिचा वेग व दिशा पुढच्या क्षणी किती पालटतील. निघण्याचे ठिकाण व निघतानाचा वेग ठाऊक असला, म्हणजे या एका नियमाच्या आधाराने क्षणाक्षणाने पुढे सरकत गाडीची सगळी वाट आखता येते. हा पालटाचा नियम म्हणजेच अवकल समीकरण. वर फेकलेला दगड, पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र, झोक्यावर बसलेले मूल, या सर्वांची गती न्यूटनने अशाच समीकरणांत बांधली.

आता भूमितीकडे वळू. १८५४ साली जर्मन गणिती रीमान याने असे दाखविले की, सपाट कागदाची भूमिती हीच काय ती भूमिती नव्हे. प्रत्येक पृष्ठास, किंबहुना प्रत्येक अवकाशास, लहान लहान अंतरे मोजण्याचे आपापले माप असू शकते. ते माप ठरले की, दोन जवळच्या बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट कोणती हेही ठरते. आणि त्या जवळच्या वाटेचा नियम लिहावयास घेतला, तर तो अवकल समीकरणाच्याच रूपाने उतरतो. १९१५ साली आइन्स्टाइन याने हीच कल्पना विश्वास लावली. सूर्यामुळे अवकाश व काळ यांचे माप वाकते, आणि ग्रह त्या वाकलेल्या मापातील सरळात सरळ वाट धरून चालतात, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजे क्रम असा : आधी भूमी, मग भूमीचे माप, मग मापावरून वाट, आणि सर्वांच्या शेवटी समीकरण.

कोसंबींनी हा क्रम उलटा केला. भूमी ठाऊक नाही, तिचे मापही ठाऊक नाही, फक्त वाटांचे समीकरण हाती आहे. तर त्या समीकरणातूनच त्याखाली दडलेली भूमिती बाहेर काढता येईल काय?

हा प्रश्न आमच्या तालुक्यातील एका दृष्टांताने अधिक सुबोध होईल. गिरडची टेकडी आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. फरीदबाबांच्या दर्ग्यास येणाऱ्या भाविकांच्या व गुराख्यांच्या पायांनी अशा टेकड्यांवर वाटा पडतात. आता एखाद्याने कोऱ्या कागदावर केवळ या वाटा रेखाटल्या, आणि टेकडी, झाड, पाणी यांपैकी काहीही दाखविले नाही, असे समजा. चतुर मनुष्य तो कागद पाहून म्हणेल की, येथे वाटा फाकतात, तेथे त्या वळसा घेतात, पलीकडे त्या जवळ येतात. अर्थात मध्यभागी काही उंचवटा असला पाहिजे. त्याने टेकडी पाहिलेली नाही; वाटांनी ती त्यास सांगितली. कोसंबींच्या शास्त्राचे बीज हेच होय. त्यास पथभूमिती असे नाव देता येईल.

या दिशेने पहिले पाऊल इतरांनी टाकले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे व्हेब्लेन व आयझेनहार्ट या गणित्यांनी १९२२ च्या सुमारास वाटांच्या भूमितीचा पाया घातला होता. परंतु त्यांची समीकरणे एका ठराविक घडणीची होती. कोसंबींनी ते बंधन काढून टाकिले आणि वेगाच्या पालटाचा नियम कोणत्याही रूपाचा असला तरी चालेल, अशी व्यापक भूमिका घेतली.

यात एक मोठी अडचण आहे. रबराच्या पातळ चादरीवर चौकटी आखल्या व त्यांवर एक सरळ रेघ ओढली, आणि मग चादर वेडीवाकडी ताणली, तर रेघ वाकडी दिसू लागते. तो वाकडेपणा रेघेचा नव्हे; तो आमच्या ताणण्याचा आहे. समीकरणांचेही तसेच. स्थळ दाखविण्याची पद्धत बदलली की तीच वाट निराळ्या समीकरणाने मांडावी लागते, आणि सरळ वाटही कागदावर वक्र भासते. मग दिसणारा वाकडेपणा भूमीचा खरा गुण आहे, की आमच्या चौकटींचा दोष आहे, हे ओळखावे कसे? यासाठी चौकटी कशाही बदलल्या तरी ज्यांचा निर्णय बदलत नाही अशा राशी शोधाव्या लागतात. या सिद्धांताच्या आजच्या मांडणीत अशा पाच राशी मानितात. पाचही शून्य असतील, तर योग्य चौकटी आखून सर्व वाटा सरळ रेषा करता येतात. एकही शून्याहून निराळी असली, तर वाटा कितीही ताणल्या तरी सर्वच्या सर्व सरळ व्हावयाच्या नाहीत; वाकडेपणा भूमीच्या अंगचाच आहे.

या पाचांपैकी दुसरी राशी शेजारशेजारच्या दोन वाटा एकमेकींपासून कशा दुरावतात किंवा एकमेकींकडे कशा झुकतात हे सांगते. सपाट शेतात दोन नांगरांनी एकमेकांस समांतर व अगदी सरळ तास धरिले, तर ते शेताच्या बांधापर्यंत सारख्याच अंतरावर राहतील. परंतु पृथ्वीच्या विषुववृत्तावर एकमेकांपासून एक अंश, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, अंतरावर असलेली दोन जहाजे सरळ उत्तरेस निघाली, असे समजा. दोन्ही नावाडी आपापली वाट रेसभरही मोडीत नाहीत. तथापि साठ अंश अक्षांशावर त्यांच्यामधील अंतर निम्मे, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, उरते. आणि वाट तशीच पुढे चालू ठेवता आली, तर ध्रुवावर त्यांची गाठच पडेल. वर आकाशात जाऊन पृथ्वीचा गोल पाहण्याची गरज नाही. दोन सरळ वाटा जवळ आल्या, एवढ्यावरून समुद्राचे पृष्ठ वाकलेले आहे हे सिद्ध होते.

याच संशोधनात कोसंबींनी आणखी एक प्रश्न विचारिला. दिलेल्या सर्व वाटा ज्यात जवळात जवळच्या ठरतील असे एखादे माप अस्तित्वात असते काय? प्रत्येक वेळी असतेच असे नाही, आणि ते केव्हा असते याच्या अटी शोधण्यात त्यांनी बरेच श्रम घेतले. त्यांचा मुख्य निबंध १९३३ साली जर्मनीतील एका प्रतिष्ठित गणितविषयक मासिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. त्या काळचे अग्रगण्य भूमितिज्ञ पॅरिसचे एली कार्तां यांनी त्यावर आपले विवेचन लिहिले, आणि ते त्याच अंकात कोसंबींच्या निबंधाला लागूनच छापले गेले. पुढे १९३९ साली चिनी गणिती चर्न यांनी हा विषय आणखी पुढे नेला. म्हणून हा सिद्धांत आज कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत या जोडनावाने ओळखिला जातो. एखादी यांत्रिक वा जैविक घडण थोडासा धक्का बसल्यावर सावरेल की ढळेल, हे शेजारच्या वाटांच्या वागणुकीवरून ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ आजही त्याचा उपयोग करितात. पुण्याच्या एका कॉलेजातील तरुण शिक्षक, पॅरिसचा वयोवृद्ध आचार्य आणि चीनचा एक विद्वान, यांची नावे अशी एका ओळीत बसली. १९३४ साली कोसंबींस रामानुजन स्मारक पारितोषिकही मिळाले.

दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणारी रचना ओळखावयाची, ही कोसंबींची रीत गणिताच्या कागदापुरती राहिली नाही. १९४४ च्या सुमारास त्यांनी आनुवंशशास्त्रातील एक प्रश्न सोडविला. प्राण्यांचे व वनस्पतींचे गुण पिढ्यांतून पिढ्यांत नेणारी जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. दोन जनुकांची ताटातूट संततीत किती वेळा झाली हे मोजता येते. पण त्यांच्यामधील खरे अंतर डोळ्यांस दिसत नाही. शिवाय दोहोंच्या दरम्यान दोनदा तुटून पुन्हा जुळलेली जोडी मोजणीत सापडतच नाही. कोसंबींनी या दोन राशींचा संबंध एका लहानशा अवकल समीकरणात बसविला व ते सोडवून अंतराचे सूत्र काढिले. त्या सूत्राप्रमाणे शंभरांत तीस वेळा ताटातूट दिसली, तर खरे अंतर तीस नसून सुमारे ३४.७ एकके भरते. पिकांच्या गुणसूत्रांचे नकाशे तयार करताना हे सूत्र आजही वापरतात; आणि त्या पिकांत आमच्या वऱ्हाड-वर्धेच्या काळ्या मातीतील कपाशीही येते, हे आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास आम्हांस आनंद वाटतो.

नाण्यांच्या बाबतीतही त्यांनी हीच दृष्टी ठेविली. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. एकाच वेळी पाडलेली पुष्कळ नाणी घेतली, तर त्यांच्या सरासरी वजनावरून व वजनांतील कमीजास्तपणावरून ती किती काळ बाजारात फिरली याचा अंदाज करता येतो. आपली रीत खरी की खोटी हे पाहण्यासाठी कोसंबींनी प्रथम चालू काळातील हजारो नाणी तराजूत घातली, आणि मग तक्षशिलेस सापडलेल्या प्राचीन नाण्यांस तीच कसोटी लाविली. ज्या राजांविषयी ग्रंथ मौन धरून बसले होते, त्यांच्या काळाविषयी झिजलेली चांदी बोलू लागली.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. बिऱ्हाड पुण्यासच राहिले. डेक्कन क्वीन गाडीने सकाळी मुंबईस जावयाचे व संध्याकाळी परतावयाचे, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यानंतर दोनच वर्षांनी सेवाग्रामहून पितृवियोगाची वार्ता आली. वार्धक्य व व्याधी यांनी देह कार्यास निरुपयोगी झाला, असे वाटून धर्मानंदांनी शांतपणे अन्न सोडिले होते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्या विरक्त पंडिताविषयी आपला आदर प्रकट केला. पुत्राने पित्याचा संन्यास घेतला नाही आणि पित्याची मतेही सर्वस्वी स्वीकारली नाहीत. तो मार्क्सच्या विचारांचा अभ्यासक झाला. परंतु लोकांत जाऊन, पायी हिंडून, मूळ पाहून मग बोलावयाचे, हा पित्याचा स्वभाव मात्र त्याच्यात पुरता उतरला होता.

१९४८-४९ मध्ये कोसंबी अमेरिकेस व इंग्लंडास जाऊन आले. गणकयंत्रांचा अभ्यास हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमितीवर व्याख्याने दिली आणि प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन यांच्याशी त्यांची चर्चा झाली. परतल्यावर इतिहासाच्या अभ्यासाने त्यांस अधिकाधिक वेढिले. संस्कृत त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले होते. भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या शतकांच्या असंख्य हस्तलिखितांची छाननी करून त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५६ साली हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणून त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी व लढायांच्या तारखा ही समजूत पुष्कळ अंशी मागे पडली. लोक काय पिकवीत, कोणत्या हत्यारांनी पिकवीत, आणि पिकविलेले कोणाच्या घरी जाई, हे प्रश्न विद्वान लोक विचारू लागले.

या कामी त्यांचे मुख्य साधन पाय हेच होते. सुटीच्या दिवशी हातात काठी व पाठीवर पिशवी घेऊन ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या व खेडी पालथी घालीत. नांगराने वर आलेली गारगोटीची इवलीशी हत्यारे ते वेचीत. शेंदूर माखलेल्या देवीचा तांदळा पाहून तिचे नाव, नवस व यात्रेचा मार्ग गावकऱ्यांस विचारीत. त्यांस असे दिसून आले की, ही प्राचीन हत्यारे, ग्रामदेवतांची ठाणी आणि कार्ले-भाजे-जुन्नरसारखी लेणी पुष्कळदा जुन्या वाटांच्या कडेला सापडतात. ज्या वाटांनी आद्य काळी अन्न शोधणारी माणसे व गुरे हिंडली, त्याच पुढे व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्या वाटा झाल्या, आणि त्यांच्याच आधाराने भिक्षूंचे विहार उभे राहिले. चौरस्त्यावरील मातृदेवतांविषयी त्यांनी लिहिलेले विवेचन १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आम्ही जामच्या चौरस्त्यावरून दररोज जातो येतो. पण एखादा चौरस्ता तेथेच का पडला, हा प्रश्न आमच्या मनास शिवतही नाही. कोसंबींनी एकीकडे समीकरणांच्या वाटांवरून भूमिती वाचली व दुसरीकडे माणसांच्या वाटांवरून समाज वाचला. ही दोन कामे आम्हांस एकाच पुरुषाची वाटतात ती याच कारणाने.

येथवर लिहून थांबलो, तर हे चरित्र गोड होईल, पण पुरे होणार नाही. गणितात रीमानच्या नावाने प्रसिद्ध असलेले, १८५९ सालापासून न सुटलेले एक अनुमान आहे. अविभाज्य संख्यांच्या वाटणीचे मर्म त्यात साठविलेले आहे. १९५९ च्या सुमारास कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्यास हात घातला आणि त्याची सिद्धता सापडल्याचे प्रतिपादन केले. निबंध शेतीच्या आकडेशास्त्रास वाहिलेल्या एका मासिकात छापला गेला. गणित्यांनी तो तपासला व युक्तिवादातील एक पायरी टिकत नाही असे ठरले. कित्येक वाटांवरून एक भूमी दिसते खरी. पण वाटा थोड्या असल्या व मनातील टेकडी अगोदरच पक्की असली, तर नसलेला उंचवटाही दिसू लागतो. हा धोका त्यांच्यासारख्या कसलेल्या शोधकासही चुकला नाही. या प्रकरणाने त्यांच्या लौकिकास मोठा धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे चालू राहिला नाही, आणि सतरा वर्षांचा संबंध तुटला. स्वभाव मूळचाच तापट व जिव्हा तिखट. त्यामुळे कठीण काळी पाठीशी उभे राहणारे स्नेहीही मोजकेच होते.

परंतु काम सुटले नाही. १९६४ साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांस मानाचे संशोधकपद मिळाले. अण्वस्त्रांच्या विरुद्ध व जागतिक शांततेच्या बाजूने ते अनेक वर्षे लिहीत व बोलत आले होते. हिंदुस्थानसारख्या सूर्यप्रकाशाने समृद्ध देशाने अणुशक्तीच्या खर्चिक मार्गापेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी तो अनेकांस तऱ्हेवाईक वाटला. आज आमच्या खेड्यांतील छपरांवर व शेतांतील पंपांवर सूर्यपट्ट्या दिसतात. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पहाटे, निद्रेतच, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयास एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास एकच महिना उरला होता. ३१ जुलै २००८ रोजी भारत सरकारच्या डाकखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढिले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून काय घ्यावे? कोसंबींची बुद्धी मागून मिळणार नाही, आणि पाच अपरिवर्तनीय राशी उद्याच्या परीक्षेत कोणी विचारणार नाही. परंतु तुमच्या दप्तरातील बीजगणिताचे व भूमितीचे पुस्तक शेजारी शेजारी आहेत ते उगीच नव्हे, एवढे लक्षात ठेवा. समीकरण सोडविल्यावर उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळे होऊ नका. ते समीकरण कोणत्या आकाराचे बोलणे बोलते आहे, हे एकदा काढून पाहा. शेताच्या बांधावरून जाताना पायवाट वळली, तर ती का वळली हे वडिलांस विचारा. बहुधा तेथे पूर्वी एखादे झाड, एखादा ओहोळ किंवा एखादे ठाणे असेल. आणि जे अनुमान काढाल ते अगोदर स्वतः तपासा, मग दुसऱ्यास तपासावयास द्या. कारण एका पायरीने भल्याभल्यांस दगा दिला आहे, हे आपण आताच पाहिले.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा अथवा मुलगी असले प्रश्न विचारू लागली, तर त्यांस वायफळ म्हणून दटावू नये. आणि पुढल्या खेपेस सेवाग्रामास जाण्याचा योग आला, म्हणजे महात्माजींच्या कुटीसमोर हात जोडून झाल्यावर क्षणभर थांबावे, आणि ज्ञानासाठी घर सोडून पायी निघालेल्या त्या पित्याचे व वाटांची भूमिती लिहिणाऱ्या त्या पुत्राचे मुलांदेखत स्मरण करावे.